तिरकं ऊन

“फोटोच काढायचाय ना, अर्ध्या तासाचं काम,” असं मी भाचीला फोनवर सांगून टाकलं. पुढे पाच महिने गेले.

भाची इंग्लंडमध्ये लिंकनला नर्स आहे. तिच्या शेजारी साठीच्या एक बाई राहतात. ही पुण्याची आहे हे कळल्यावर त्यांनी एकदा कुंपणावरून विचारलं, “पुण्यापासून कर्की किती लांब?” भाचीला आधी काही उमगेना. बाईंनी कागदावर लिहून दाखवलं तेव्हा तिची ट्यूब पेटली. कर्की म्हणजे खडकी! आणि खडकी म्हणजे आमच्या बोपोडीच्या घरापासून, सिग्नल नाही लागला तर, स्कूटरवर दहा मिनिटं.

बाईंच्या आईचा मामा खडकीत पुरलेला आहे. मला हे नातं एका शब्दात कळलं, बाईंना मात्र इंग्रजीत “माझ्या आजीचा, म्हणजे आईच्या आईचा, धाकटा भाऊ” असं लांबलचक सांगावं लागलं. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाई दलात बॉम्बर विमानावर नॅव्हिगेटर होता. १९४४ च्या अखेरीस इथे भारतात विमान अपघातात गेला. वय बावीस. घरातलं कुणीही आजवर त्याच्या थडग्यापाशी आलेलं नाही. त्याचं नाव मी लिहीत नाही, बाईंची तशी इच्छा आहे. मी आपला त्याला मामाच म्हणतो.

बाईंना हे एकदम आत्ताच का आठवलं, तर त्याचं कारण लिंकनमध्येच होतं. त्या परगण्यात युद्धकाळात बॉम्बर विमानांचे तळच तळ होते. शहराबाहेरच्या टेकडीवर आता त्यांचं मोठं स्मारक झालंय. मधोमध गंजक्या रंगाच्या पोलादाचा मनोरा, उंची ३१ मीटर, म्हणजे त्या काळच्या लँकेस्टर बॉम्बर विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जेवढे भरतात तेवढी. भोवती पोलादाच्याच भिंती, त्यावर जवळपास ५८ हजार नावं. बॉम्बर कमांडमध्ये विमानात बसणारे सव्वा लाखाच्या आसपास होते, त्यातले ५५,५७३ मेले. त्यातही आठ हजारांच्या वर माणसं अशी, की ज्यांना शत्रूने हातही लावला नाही. कुणी शिकाऊ उड्डाणात, कुणी धुक्यात डोंगरावर आदळून, कुणी धावपट्टी पन्नास पावलांवर असताना. भिंतीवर त्यांची नावं इतरांच्यात मिसळलेली आहेत, अक्षरं तेवढीच.

बाई त्या भिंतींपुढे दोन तास फिरल्या. मामाचं नाव सापडलं नाही, आणि सापडणारही नव्हतं. ती भिंत इंग्लंडातून युरोपवर जाणाऱ्या बॉम्बर कमांडची. मामा बॉम्बरवालाच, पण भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचा, म्हणजे वेगळ्या कमांडचा. त्याची जागा खडकीला.

पहिल्यांदा गेलो तो जूनमधला रविवार. वॉर सिमेट्रीवरून मी आयुष्यात हजारो वेळा गेलो असेन. होळकर पुलाजवळ, मुळा रोडला, बाहेर रहदारीचा नुसता कल्ला आणि आत ती हिरवळ. पण फाटकाच्या आत पाऊल ठेवलं ते पहिल्यांदाच, आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. आपल्या गावातल्या गोष्टी आपण पाहुणे आल्याशिवाय बघत नाही, हा पुणेरी नियम इथेही लागू.

आत भिंतीत एक छोटं कपाट असतं, त्यात नोंदवही. नाव शोधायचं, समोर प्लॉट, रांग आणि थडग्याचा क्रमांक मिळतो. सिनेमाच्या तिकिटासारखं. इथे दुसऱ्या महायुद्धातली १,६६८ थडगी आहेत. सगळी इथल्याच लोकांची नव्हेत. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणच्या लहान दफनभूमींमध्ये ज्यांना पुरलं होतं आणि जिथे कायमची निगा राखणं शक्य नव्हतं, त्यांना युद्धानंतर उचलून इथे आणलं. पहिल्या महायुद्धातली आणखी ६२९ थडगी १९६२ साली पुण्याच्या सेंट सेपल्कर दफनभूमीतून आणली. म्हणजे इथले बरेचजण दोनदा पुरलेले आहेत. मामाही त्यातलाच.

रांग सापडली, दगड सापडला. पांढरट, उभा, कमरेच्याही खाली येईल एवढा. वर हवाई दलाचं चिन्ह, वर्तुळात पंख पसरलेला पक्षी. खाली क्रमांक, हुद्दा, नाव, मग ‘नॅव्हिगेटर’, मग रॉयल एअर फोर्स, तारीख, वय २२. त्याखाली क्रॉस. आणि अगदी तळाला, जिथे शेजारच्या दगडांवर घरच्यांनी लिहून पाठवलेली एखादी ओळ होती, तिथे काहीच नाही.

त्या ओळीचं नंतर बाईंनी सांगितलं. युद्धानंतर कुटुंबांना फॉर्म यायचा, जागा धरून ठरावीक अक्षरांत काय कोरायचं ते कळवा म्हणून. पणजीबाईंना, म्हणजे मामाच्या आईला, काय लिहावं ते ठरवताच आलं नाही. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, मग तो विषयच कुणी काढेना.

मी फोटो काढला, घरी येऊन बघितला, तर त्यात एक पांढरा आयत! अक्षरं दिसतच नव्हती. आभाळ भरून आलेलं, उजेड सगळीकडून सारखा, दगड फिका आणि कोरीवकाम उथळ. पुन्हा गेलो. या वेळी सकाळी ऊन होतं, पण थेट दगडाच्या तोंडावर. तोच पांढरा आयत, जरा जास्त चकचकीत.

तिथे काम करणारे एक काका कात्रीने कडेचं गवत सारखं करत होते. माझी दोन दिवसांची कसरत त्यांनी बघितलेली असावी.

“कुठं पाठवायचाय का फोटो?” त्यांनी विचारलं.

“इंग्लंडला. त्यांच्या आईचे मामा आहेत हे.”

“मग आत्ता नका काढू. ऊन बाजूनं आलं पाहिजे. तिरकं. दगडाला चाटून जाणारं. मग बघा अक्षर कसं उठतंय.” आणि मी खिशातून खडू काढलाय की काय अशा संशयाने हाताकडे बघत म्हणाले, “खडूबिडू घासू नका हां. लोक घासतात. लागलंच तर साध्या पाण्याचा हात फिरवा, बास.”

मग पाऊस लागला. पुण्यात जून ते सप्टेंबर तिरक्या उन्हाची वाट बघणं म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायला नको.

या रिकाम्या महिन्यांत बाईंशी ईमेल सुरू झाले आणि एका पत्रात त्यांनी घरातली कहाणी लिहिली. मामाचं विमान लाकडाचं होतं. भारतातल्या उन्हाने त्याचा डिंक वितळला आणि विमान हवेतच सुटं झालं, असं आजी सांगायची. बाईंना लहानपणी ते खरंच मेणबत्तीसारखं डोळ्यांपुढे दिसायचं.

माझे वडील सुतार. नाना पेठेत भाड्याचं दुकान होतं. फेव्हिकॉल घराघरात पोचायच्या आधी सरसाचं भांडं गरम पाण्यात ठेवून शिजवायचे, तो वास अजून नाकात आहे. लाकडाचे जोड का सुटतात हा आमच्या घरात जेवतानाचा विषय असायचा. त्यामुळे ‘डिंक वितळला’ हे वाचून मी सरळ उत्तर लिहिलं नाही, आधी वाचायला बसलो.

विमानाचं नाव मॉस्किटो. दोन इंजिनं, दोनच माणसं, आणि बहुतेक सगळा सांगाडा लाकडी. बाहेर बर्चचा प्लायवूड, मध्ये बाल्सा, आत पुन्हा प्लायवूड. बाल्सा म्हणजे ते वजनच नसलेलं लाकूड, शाळेत विमानाच्या प्रतिकृती करायला वापरतात ते. इंग्लंडमधले फर्निचरचे कारखाने त्याचे भाग बनवायचे. सुरुवातीला जोडायला वापरायचे ते केसिन, म्हणजे दुधापासून केलेली खळ. हे वाचून मी बायकोला हाक मारून सांगितलं. ती म्हणाली, “नासलेल्या दुधाचं विमान? आणि त्यात बसायचे?” नंतर कृत्रिम खळ आली, ती पाण्याला जास्त टिकाऊ.

बाईंच्या आजीची कहाणी हवेतून आलेली नव्हती. १९४४ मध्ये भारतातल्या बॉम्बर स्क्वाड्रनना ही विमानं मिळाली. त्यातल्या बऱ्याचजणांनी आधी व्हेंजन्स ही सूर मारून बॉम्ब टाकणारी विमानं चालवली होती, मामानेही. आणि त्याच वर्षी पावसाळ्यानंतर काही मॉस्किटो हवेत पंख तुटून पडली. नोव्हेंबरमध्ये विमानं जमिनीवर ठेवून पंख तपासायची वेळ आली. विमान बनवणाऱ्या डी हॅविलंड कंपनीने चौकशीला माणूस पाठवला तो मेजर हेरवर्ड डी हॅविलंड, म्हणजे कंपनीच्या संस्थापकाचा सख्खा भाऊ. त्यांचा निष्कर्ष असा की खळ चांगली आहे, दोष इथल्या हवेचा. पावसाळ्यात लाकडाचा आकार बदलला म्हणून जोड उकलले.

हे वाचून मला वडिलांची आठवण आली नसती तरच नवल. नाचता येईना, अंगण वाकडं. दार फुगलं की गिऱ्हाईक लाकडाला बोल लावतं, पण जोड सुटला की दोष सुताराचा, हे ते शंभरदा सांगायचे. “लाकूड पावसात फुगणार, उन्हात आकसणार, हे धरूनच जोड करायचा असतो.” आणि तसंच निघालं. पुढे इंग्लंडमध्येच आणखी तपासण्या झाल्या, तेव्हा पावसाळा कधी न पाहिलेल्या विमानांतही तेच दोष सापडले. खळ नीट लावलेलीच नव्हती. जोड जिथे बसायला हवे तिथे बसले नव्हते. पण सरकारने बाहेर मात्र हवामानाचंच कारण पुढे ठेवलं, नाहीतर वैमानिकांचा विमानावरचा विश्वास उडाला असता. पंखाच्या सांध्यावर लांबच लांब प्लायवूडची पट्टी लावून पाणी आत जाणं बंद केलं, आणि विमानं पुन्हा उडायला लागली.

मला फार बरं वाटलं. म्हणजे काय, मामाच्या मरणाला एक कारण सापडलं होतं, गुन्हेगारही सापडला होता, आणि वडील बरोबर ठरले होते. मी बाईंना दोन पानी पत्र लिहिलं. सुदैवाने पाठवलं नाही. भाची म्हणाली, “मामा, त्याचा स्वतःचा कागद बघितलास का आधी?”

तो कागद असतो. हवाई दलाच्या प्रत्येक अपघाताचं एक कार्ड भरलं जायचं, फॉर्म ११८० नावाचं. ती कार्डं लंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये जपून ठेवली आहेत. बाईंनी तारीख आणि विमानाचा क्रमांक कळवून विचारणा केली. शिवाय क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातून स्क्वाड्रनची रोजनिशी पैसे भरून उतरवून घेतली. महिनाभराने कार्डाची प्रत आली.

मी ती दहा वेळा तरी वाचली असेल, वाचण्यासारखं त्यात फारसं नाही. विमानाचा प्रकार, इंजिन, तारीख, वेळ. वैमानिकाचे एकूण तास, आणि या जातीच्या विमानावरचे तास. दुसरा आकडा इतका लहान की मी आधी त्याला तारीख समजलो. मग तुटक, अर्धे शब्द गाळलेला मजकूर. चाचणी उड्डाण. जमीन सोडल्यावर डावं इंजिन बंद. वेग पुरेसा नाही. डावीकडे कलंडलं. आग.

खळ नाही, ऊन नाही, पंख नाही. मॉस्किटोचं हे दुखणं त्या काळच्या वैमानिकांना पाठ होतं. दोन्ही इंजिनं प्रचंड ताकदीची. एक गेलं की दुसरं विमानाला एका अंगाला ओढतं. वेग चांगला असेल तर शेपटीची सुकाणूपट्टी ती ओढ सांभाळते. जमीन नुकतीच सोडलेली असेल तर सुकाणूत तेवढा जोर नसतो. तेव्हा चालू इंजिनही कमी करायचं आणि नाकासमोर असेल त्या शेतात उतरायचं. हातात असतात दोन-तीन सेकंद. नॅव्हिगेटर वैमानिकाच्या उजव्या हाताला, जरासा मागे, खांद्याला खांदा लावून बसतो. त्याच्या हातात काहीच नसतं.

त्या कार्डावर मामाचं नावही नव्हतं. नाव वैमानिकाचं होतं.

रोजनिशीत त्या दिवशी एकच वाक्य, दोघे चाचणी उड्डाणात ठार. दुसऱ्या दिवशीची नोंद पावसाबद्दल आणि फुटबॉलच्या सामन्याबद्दल.

हे बाईंना लिहायला मला आठवडा लागला. डिंकाची गोष्ट आता तुमच्या मामाची राहिली नाही, ती दुसऱ्यांची आहे, हे कसं लिहायचं? लिहिलं. दहा दिवस उत्तर नाही. मग आलं. त्यांनी लिहिलं होतं की आजीला हे बहुधा ठाऊक होतं. तिच्या दोन मैत्रिणींचे भाऊ बर्लिनवर जाऊन परतले नव्हते. त्यांच्या घरी ‘बर्लिन’ हा एक शब्द पुरायचा. हिच्या घरी लोक विचारायचे, “आणि तो? चाचणी करताना?” आणि मग गप्प व्हायचे. ऊन आणि वितळलेला डिंक निदान सांगता तरी यायचा.

ते वाचल्यावर मी ईमेल बंद करून गॅलरीत जाऊन बसलो. कारण हे मला ओळखीचं होतं.

माझा सख्खा मामा फौजेत ड्रायव्हर होता. १९८४ साली सिक्कीममध्ये त्याचा ट्रक दरीत गेला. सातारा जिल्ह्यात आमचं आजोळ, तिथे शाळेच्या आवारात काळ्या दगडावर गावातल्या फौजींची नावं कोरलेली आहेत. मामाचं नाव घालायचं म्हटल्यावर चावडीवर खल झाला. “लढाईत कुठं गेला? गाडी पडून गेला.” बोलणारे वाईट नव्हते, त्यांच्याच घरातली दोन नावं दगडावर होती. आजी त्यावर कधी काही बोलली नाही. फक्त कुणी नवीन माणूस आला, भिंतीवरचा फोटो बघून विचारलं, की ती म्हणायची, “बर्फात गेला.” बर्फ होता की नाही देव जाणे. बऱ्याच वर्षांनी सरपंच बदलले आणि मामाचं नाव एकदाचं शेवटी चढलं.

खडकीच्या दगडांवर कोण कशाने गेला हे लिहिलेलंच नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचा तो नियमच आहे. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात नोकरीत असताना मेला, एवढं पुरे. गोळीने, तापाने, मोटारीखाली, काहीही. अधिकारी असो की शिपाई, दगड त्याच मापाचा. मी नंतर मुद्दाम रांगेतून हळूहळू चालत गेलो, ओळखता येतं का बघायला. नाही येत. एका ठिकाणी मात्र मामाच्या दगडाला लागूनच त्याच तारखेचा दगड आहे. ‘पायलट’. त्याचं वय एकवीस. त्याच्या दगडावर तळाला ओळ आहे, तीही मी टिपून घेतली आणि फोटोही काढला. कुणी मागितला नव्हता.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस गेला. काकांनी सांगितलेल्या वेळेला, संध्याकाळी पाचच्या आधी पोचलो. ऊन उतरलेलं, दगडांच्या रांगांना बाजूने चाटत जात होतं. पाण्याची बाटली नेली होती, ओला फडका फिरवला. धूळ गेली, आणि अक्षरं खरंच उठली. आधी पक्षी, मग नाव, मग ‘नॅव्हिगेटर’. दुपारी सपाट वाटणाऱ्या दगडाला एवढी खोली असेल असं वाटलं नव्हतं. तळाच्या कोऱ्या जागेत छिन्नीच्या बारीक रेघाही दिसल्या. काका लांबून बघत होते. अंगठा दाखवून निघून गेले.

बाईंनी फोटो मोठा करून घेतलाय. आईच्या खोलीत लावला. आई ब्याण्णव वर्षांची, मामा गेला तेव्हा लहानगी होती. तिने पहिल्यांदा एवढंच विचारलं म्हणे, की गवत कोण कापतं? मग मी काकांचाही एक फोटो काढून पाठवला, त्यांना विचारून.

दिवाळीत आजोळी गेलो होतो. हात शिवशिवत होतेच. संध्याकाळी शाळेच्या आवारात गेलो, बाटली आणि फडका घेऊन. ऊन बरोबर पाहिजे तसं तिरकं होतं. काळ्या दगडावरची धूळ पुसली, बाजूला सरून उभा राहिलो आणि मोबाइलमध्ये बघितलं. एकेक नाव उठत गेलं, १९६५ चं, १९७१ चं. शेवटच्या ओळीपाशी काहीच उठेना. हात लावून बघितला. मामाचं नाव कोरलेलं नाही. पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलंय.

मग समोर येऊन उभा राहिलो आणि सरळ उजेडात काढला.